दुर्गादेवीची अर्धी साक्ष : हवामान-संशयवाद्यांच्या परिषदा आणि आपला इतिहास

#थ्रेड

(१) मे महिन्याच्या अखेरीस नांदेड-लातूरच्या कुठल्याही पारावर हवामानबदलाचा विषय निघाला, की एक वाक्य ठरलेले असते : "दुष्काळ काय आज पडायला लागला? दुर्गादेवीचा पडला, बहात्तरचा पडला. पुढे पाऊसही पडलाच की." आजीच्या तोंडी हे वाक्य शोभते. त्यात सोसण्याचे बळ आहे. पण हेच वाक्य आता आलेख आणि पदव्यांचा साज चढवून व्हॉट्सॲपवर फिरते : "हवामान नेहमीच बदलत आले आहे, माणसाचा त्यात दोष नाही, इतिहास साक्षी आहे." ज्या इतिहासाला इथे साक्षीला उभे केले जाते तो मुख्यतः आपला, दख्खनचा आहे. म्हणून हा थ्रेड.

(२) माझे म्हणणे आरंभीच मांडते. 'हे नेहमीचेच' हा निष्कर्ष इतिहासातून आपोआप निघालेला नाही. तो परिषदा भरवून, निधी पुरवून, पद्धतशीरपणे घडवला गेला आहे. आणि ज्या दुष्काळांची साक्ष त्यासाठी काढली जाते, ते दुष्काळ पूर्ण वाचले तर नेमकी उलटी साक्ष देतात. आधी त्या परिषदांचा इतिहास पाहू, मग आपल्या दुष्काळांचा.

(३) मार्च २००८. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील एका मोठ्या हॉटेलात 'हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय परिषद' भरली. नाव असे, की संयुक्त राष्ट्रांचीच एखादी बैठक वाटावी. यजमान होती शिकागोची हार्टलँड इन्स्टिट्यूट ही खाजगी संस्था. तिथे एक अहवालही प्रसिद्ध झाला : हवामान निसर्ग चालवतो, माणूस नव्हे. पुढे हीच परिषद शिकागो, लास व्हेगास, वॉशिंग्टन अशी फिरत राहिली. २०१९ साली ती वॉशिंग्टनमधील ट्रम्प इंटरनॅशनल हॉटेलात भरली. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस कराराची बोलणी चालू असताना याच मंडळींनी त्याच शहरात आपली वेगळी सभा मांडली होती.

(४) ही संस्था कोण? स्थापना १९८४. हवामान हा तिचा पहिला विषय नव्हे. १९९०च्या दशकात फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीच्या सहकार्याने तिने दुसऱ्याच्या धुरापासून होणाऱ्या अपायांविषयी शंका पसरवण्याचे काम केले होते. १९९८ ते २००६ या काळात एक्सॉनमोबिल या तेल कंपनीकडून तिला सहा लाख डॉलर्सहून अधिक निधी मिळाला. तंबाखू आणि तेल यांत साम्य कोणते? दोन्ही ठिकाणी माल विकण्यासाठी विज्ञान खोटे ठरवण्याची गरज नसते. 'अजून नक्की ठरलेले नाही' एवढे लोकांच्या मनात टिकवून ठेवले की भागते. तेवढ्यात आणखी दहा वर्षे निघून जातात.

(५) याहून जुने उदाहरण 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन'चे. तेल, कोळसा, मोटारी आणि वीज क्षेत्रांतील उद्योगांची ही आघाडी १९८९ साली उभी राहिली आणि २००२ साली विसर्जित झाली. बाहेर ती सांगत होती की हरितगृह वायूंचा परिणाम अनिश्चित आहे. आत मात्र १९९५ साली तिच्याच तज्ज्ञांनी लिहून दिले होते, की या परिणामाचा वैज्ञानिक पाया पक्का आहे आणि तो नाकारता येणार नाही. एक्सॉनच्या वरिष्ठांना त्यांच्याच एका शास्त्रज्ञाने हा धोका १९७७ साली समजावून सांगितला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही : दप्तरात एक, जाहीरनाम्यात दुसरे. अशा वेळी आपण दप्तरावर विश्वास ठेवतो.

(६) कुणी म्हणेल, परिषद भरवणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. वाद हा ज्ञानाचा मार्गच आहे. पण आपल्या न्यायशास्त्राने वादाच्या तीन जाती सांगितल्या आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष सिद्ध न करता समोरच्याचा पक्ष फक्त मोडत राहायचा, ती वितंडा. या परिषदांची जात कोणती, हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे : त्यांचा स्वतःचा सिद्धांत काय?

(७) एक वक्ता सांगतो, तापमान वाढतच नाही. नोंदी चुकीच्या आहेत. दुसरा सांगतो, वाढते, पण सूर्यामुळे. तिसरा सांगतो, माणसामुळे वाढते, पण त्यात लाभच आहे, पिके तरारतील. चौथा सांगतो, हानी होईल, पण उपाय परवडणार नाहीत. ही चारही मते एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. खऱ्या वैज्ञानिक सभेत या चौघांनी एकमेकांना सोडले नसते. इथे मात्र चौघेही शेजारी बसून एकमेकांना टाळ्या देतात, कारण त्यांना जोडणारा धागा सिद्धांताचा नसून निष्कर्षाचा आहे : काही करू नका. न्यायशास्त्राच्या भाषेत ही शुद्ध वितंडा.

(८) २०१२ साली तर या संस्थेने शिकागोच्या महामार्गावर एक फलक लावला. त्यावर अमेरिकेतील एका कुप्रसिद्ध बॉम्बहल्लेखोराचे छायाचित्र होते आणि मजकुराचा आशय असा, की हा माणूस तापमानवाढीवर विश्वास ठेवतो, तुम्हीही ठेवता का? ओरड झाल्यावर फलक एका दिवसात उतरवावा लागला आणि अनेक देणगीदारांनी हात काढून घेतला. पुरावा असलेला पक्ष पुरावा मांडतो. तो संपला की माणसांची बदनामी सुरू होते.

(९) आता त्यांच्या मुख्य युक्तिवादांकडे येऊ आणि ते आपल्या मातीत उतरवून पाहू. पहिला युक्तिवाद : 'पूर्वीही असेच होत होते.' आपल्याकडे याचा पुरावा म्हणून दुर्गादेवीचा दुष्काळ दाखवला जातो. परंपरेने त्याचा काळ १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा मानला जातो. तेव्हा कारखाने नव्हते, मोटारी नव्हत्या, तरी पाऊस गेला. मग आज कारखान्यांना दोष का?

(१०) या युक्तिवादात एक गृहीत दडले आहे : हवामानशास्त्रज्ञांना जुने दुष्काळ माहीत नाहीत, किंवा ते लपवतात. वस्तुस्थिती अशी, की दुर्गादेवीच्या दुष्काळाला बखरी आणि लोककथांच्या पलीकडचा पुरावा शोधून दिला तो हवामानशास्त्रज्ञांनीच. बस्तरमधील कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिच्यात ठिबकणाऱ्या पाण्याने शतकानुशतके साचलेल्या चुनखडीच्या थरांतून ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून जुन्या मोसमी पावसाचा आलेख काढण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात चौदाव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस वारंवार आणि दीर्घकाळ क्षीण झाल्याचे दिसते. दुर्गादेवीचा काळ त्यातच येतो.

(११) म्हणजे ज्यांच्यावर इतिहास विसरल्याचा आरोप आहे, त्यांनीच गुहेत उतरून तो वाचला. आणि तो वाचून ते 'मग चिंता नको' असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, मोसमी पाऊस मुळातच इतका हळवा आहे. अशा व्यवस्थेला आपण आणखी धक्का देत आहोत. घर पूर्वी विजेने पेटले होते, म्हणून आज काडी लावणारा निर्दोष ठरत नाही. उलट घर लाकडाचे आहे, हे त्या जुन्या आगीनेच सांगितलेले असते.

(१२) लातूरकरांना तर 'आजवर जे पाहिले तेच यापुढे' या भरवशाची किंमत वेगळी सांगायला नको. दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर, इथे विनाशकारी भूकंप व्हायचा नाही, अशी समजूत रूढ होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीने ती पुसून टाकली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंपाचा आणि हवामानाचा कार्यकारण संबंध नाही, हे स्पष्टच आहे. संबंध आहे तो विचारपद्धतीचा : भूतकाळ हा अनुभव देतो, हमीपत्र देत नाही.

(१३) दुसरा युक्तिवाद : 'हे सारे सूर्य करतो.' या परिषदांमधला हा लाडका विषय. गंमत अशी, की या कल्पनेचा एक मोठा अध्याय आपल्याच दुष्काळात लिहिला गेला. १८७६-७८चा महादुष्काळ चालू असताना, १८७७ साली, खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि हिंदुस्थान सरकारचे सांख्यिकी प्रमुख विल्यम हंटर यांनी लेख लिहून मांडले, की सूर्यावरील डागांचे अकरा वर्षांचे चक्र आणि दक्षिणेतील दुष्काळ यांचे नाते आहे. हा विचार तेव्हा गंभीर होता, प्रामाणिक होता, आणि म्हणूनच त्याची परीक्षा झाली.

(१४) ती परीक्षा भारतीय हवामान विभागात झाली. विभागाची स्थापना १८७५ची, म्हणजे महादुष्काळाच्या उंबरठ्यावरची. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध शोधला आणि १८८६पासून पावसाचे नियमित अंदाज सुरू केले. १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींची आकडेमोड करून घेतली. सूर्यडागांचाही हिशेब त्यांनी केला आणि नाते क्षीण निघाले. त्याऐवजी हाती आला तो प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरील हवेच्या दाबाचा झोपाळा. आज ज्याला आपण एल निनोशी जोडतो, ते 'सदर्न ऑसिलेशन' हेच.

(१५) या विभागाचे मुख्यालय पुढे सिमल्याहून पुण्यात आले. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे : सूर्याचा युक्तिवाद कुणी दडपला नाही. तो तपासला गेला आणि अपुरा ठरला. पुढे १९७८पासून उपग्रहांनी सूर्यापासून येणारी ऊर्जा थेट मोजली. तिच्यात वाढीचा कल नाही. पृथ्वीचे तापमान मात्र त्याच काळात चढत गेले. शिवाय वातावरणाचा खालचा थर तापतो आहे आणि वरचा, स्थितांबर, थंड होतो आहे. सूर्य दोषी असता तर दोन्ही तापले असते.

(१६) मग दोषी कोण? त्याचाही माग लागलेला आहे. १८९६ साली, ज्या वर्षी महाराष्ट्रावर पुन्हा दुष्काळ कोसळला आणि मुंबईत प्लेग शिरला, त्याच वर्षी स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित प्रसिद्ध केले. औद्योगिक युगापूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. १९५८ साली हवाईमधील मौना लोआ येथे मोजमाप सुरू झाले तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आता ते ४२०च्या पुढे गेले आहे. दगडी कोळसा आणि खनिज तेल इतके प्राचीन, की त्यांतला किरणोत्सारी कार्बन केव्हाच संपलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये तीच खूण उमटली आहे. कागदाच्या जलचिन्हावरून सनद कुठल्या काळातली हे ओळखावे, तसा हा पुरावा.

(१७) तिसरा युक्तिवाद सर्वांत घातक : 'निसर्गाचा खेळ आहे, कुणाची जबाबदारी नाही.' हा तर आपण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ऐकलेला आहे. १८७६-७८मध्ये पाऊस खरोखरच गेला होता. १८७७चा एल निनो अतितीव्र होता. पण त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला धान्य जात राहिले. व्हाइसरॉय लिटनचे सरकार बाजारात हस्तक्षेप करायला तयार नव्हते. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या धडधाकट माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे मेल्याचे अंदाज आहेत.

(१८) त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने काय केले? 'दुष्काळ नेहमीचाच' म्हणून ती गप्प बसली नाही. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावची माहिती मागवली, मजुरी आणि मृत्यू यांच्या हकिकती लिहून सरकारला एकामागून एक पत्रे पाठवली. पाऊस न पडणे निसर्गाच्या हातात असेल. धान्य न मिळणे राज्यकर्त्यांच्या हातात आहे, हा त्यांचा मुद्दा. पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला, दुष्काळ संहिता आल्या. त्या अपुऱ्या होत्या, कठोर होत्या. पण सरकारची जबाबदारी कागदावर आली ती अशी.

(१९) आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे टेंपलची मजुरी थेट आपल्याला लागू नव्हती. पण धडा लागू आहे. पुढे १९७२ आला. आपल्या घरातील वडीलधारी माणसे मिलोच्या भाकरी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आजही सांगतात. मे १९७३च्या सुमारास महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. बहात्तरचा दाखला देऊन 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे : बहात्तर निभावले ते निसर्गाने की त्या कामांनी?

(२०) आणि बहात्तरची आठवण नीट ऐकली, तर तीच माणसे आणखी एक गोष्ट सांगतात : "तेव्हा धान्य नव्हते, पण पाणी होते. आता धान्य आहे, पाणी नाही." मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. ऑगस्टपर्यंत तिच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. 'पूर्वीसारखेच' या शब्दात ही रेल्वे कुठे बसते?

(२१) इथे आपल्या बाजूनेही प्रामाणिक राहिले पाहिजे. २०१६चे सारे पाप हवामानाच्या माथी मारणे हीसुद्धा एक पळवाटच. कमी पावसाच्या पट्ट्यात उसाला वाहिलेले पाणी, शेकडो फूट खाली गेलेल्या बोअर, गळक्या नळयोजना आणि गाळाने भरलेले तलाव यांचा हिशेब वेगळा द्यावाच लागेल. जो अधिकारी किंवा पुढारी 'हवामानबदल हो, आम्ही काय करणार' म्हणतो, तो टेंपलचाच वारस. संशयवादी निसर्गाला पुढे करून कारखान्याला सोडवतो. हा हवामानाला पुढे करून नियोजनाला सोडवतो. दोघांचे उत्तर एकच : कुणाला विचारू नका.

(२२) ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्री पाणी चढले. हसनाळसारख्या गावांत माणसे दगावली, गोठ्यात बांधलेली जनावरे दावणीलाच मेली. पुढच्याच महिन्यात मांजरा, तेरणा, सीना आणि गोदावरी यांच्या काठची पिके मातीसकट वाहून गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ सालीच दाखवले होते, की मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. कारणही साधे : हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्के वाढते. हसनाळच्या लोकांनी लेंडी धरणाचे पाणी आणि रखडलेले पुनर्वसन यांवर बोट ठेवले, तेही रास्तच. ढगाचा आणि धरणाचा असे दोन्ही जबाब घ्यायचे असतात.

(२३) "पण शास्त्रज्ञही चुकतात!" चुकतात. २००७च्या आंतरराष्ट्रीय अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील असे विधान शिरले होते. ते निराधार होते. व्ही. के. रैना या भारतीय भूशास्त्रज्ञाने २००९ साली हिमनद्यांविषयीच्या अशा सरसकट भाकितांना जाहीर आव्हान दिले. त्यांची आधी हेटाळणी झाली. जानेवारी २०१० मध्ये चूक मान्य करून विधान मागे घेण्यात आले. संशयवादी हे उदाहरण रोज सांगतात, अर्धे. पूर्ण उदाहरण असे : शंका पुराव्यासह आली आणि विज्ञानाला झुकावे लागले. या परिषदांनी आपली कोणती चूक अशी मागे घेतली, हे त्यांना विचारून पाहा.

(२४) खरा संशय कसा असतो, हे पाहायला न्यूयॉर्कला जायला नको. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या आनंदगावचे शेतकरी एकत्र आले आणि दिंद्रुड पोलीस ठाण्यात त्यांनी थेट हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली : चांगल्या पावसाचा अंदाज सांगितलात, आम्ही पेरलो, पाऊस आला नाही, बियाणे आणि औषध कंपन्यांशी तुमचे संगनमत आहे. संगनमताचा आरोप मला पटत नाही. पण तो संशय अस्सल होता, कारण त्यात त्यांचे स्वतःचे बियाणे मातीत गेले होते. त्यांना अंदाज अधिक अचूक हवा होता.

(२५) दोन सभा शेजारी ठेवून पाहा. आनंदगावच्या सभेला ज्ञान हवे आहे, कारण अज्ञानाची किंमत तिने मोजली आहे. टाइम्स स्क्वेअरच्या सभेला अनिश्चितता हवी आहे, कारण अनिश्चिततेतून तिच्या आश्रयदात्यांना नफा आहे. एकीला उत्तर मिळाले की ती उठून शेतावर जाईल. दुसरीला कितीही उत्तरे द्या, पुढच्या वर्षी ती पुन्हा भरेल. दोघींना 'संशय' हा एकच शब्द लावणे हा पहिलीचा अपमान आहे.

(२६) इतिहासाच्या अभ्यासकाला संशयाचे वावडे नसते. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी बखरींवर संशयच घेतला होता. पण ते संशयावर थांबले नाहीत. बखर खोटी वाटते तर अस्सल पत्र शोधले पाहिजे, म्हणून गावोगावची दप्तरे त्यांनी धुंडाळली. संशयाने त्यांना अधिक कामाला लावले. ज्या संशयाचा शेवट 'म्हणून काही करायला नको' असा होतो, त्याची जात ओळखून असावे.

(२७) म्हणून पुढच्या उन्हाळ्यात गावच्या ग्रुपवर 'इतिहास साक्षी आहे' असा निरोप आला, की पाठवणाऱ्या काकांना हसू नका. ते बहुधा स्वतः बहात्तरच्या खडीवर गेलेल्या माणसाचे चिरंजीव असतात. त्यांना एवढेच विचारा : हे लिहिले कोणी, त्याला पैसा कोणाचा, आणि हे खरे मानले तर फायदा कोणाचा? दस्तऐवज हाती आला की आपण हेच तीन प्रश्न विचारतो. मग आजोबांची ती पाण्याची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका. ते सांगतील, आणि सांगता सांगता कदाचित स्वतःच थांबतील.

(२८) दुर्गादेवीला साक्षीला बोलवायचेच, तर पूर्ण बोलू द्या. ती सांगेल की पाऊस बारा वर्षे जाऊ शकतो. ती सांगेल की तेव्हा सावध करणारे कुणी नव्हते. ना वेधशाळा, ना उपग्रह, ना जलाशयाच्या पातळीचा रोजचा आकडा. आपल्याला हे सारे मिळाले, आणि ते मिळण्याआधी लाखो माणसे मेली. एवढे हाती असूनही आपण 'हे नेहमीचेच' म्हणणार असू, तर आपला बचाव दुर्गादेवीच्या पिढीसारखा होणार नाही. त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला आहे.

थ्रेड समाप्त. मतभेद असतील तर अवश्य मांडा; फक्त पुराव्यासह.